पर्यवेक्षक म्हणून चालेल अशी व्यक्ती

कॉलेज सव्वातीनशे मैलांवर. मी ते पाहिलेलं नाही.
फी भरली, धडे स्क्रीनवर आले.
रात्रपाळी संपली की वृद्धाश्रमाच्या पार्किंगमध्ये
गाडीचा हीटर लावून
मी सरासरी शिकले, विचलन शिकले.
आता शेवटची परीक्षा, आणि तिच्यासाठी माणूस हवा:
समोर बसणारा, घड्याळ बघणारा, सही करणारा.

फॉर्म दोन पानांचा.
पर्यवेक्षक नातेवाईक नसावा. मित्र नसावा.
शेजारी, वरिष्ठ, सहकारी नसावा.
थोडक्यात, ज्याला माझं सोयरसुतक नाही असा कुणी
नॉर्थ डाकोटातल्या हॅल्मरमध्ये शोधायचा,
जिथे वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या दोनशे अकरा,
आणि त्यातले चार गेल्या हिवाळ्यात गेले.
त्यांना शेवटचं पुसून काढलं ते मीच.

पाद्री होल्टे? माझ्या दिराचे साडू.
बँकेतला ड्वेन आतेभाऊ.
पोस्टातला रॉजर ‘शेजारी’ या शब्दाशी अडला:
मधे अडीच मैल गव्हाचं रान आहे,
पण मधे दुसरं घरच नाही.
कॉलेजला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली,
मॅडम, तुमच्याकडे अनोळखी असं कुणीच नाही?
म्हटलं, होता एक. पवनचक्क्या बसवायला आलेला.
माझ्या भाचीशी लग्न करून राहिला.

मग फॉर्म पुन्हा वाचला, ओळ न् ओळ.
वैर नसावं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आर्डिस ब्रेकी. वाचनालय,
मंगळवार आणि शुक्रवार, एक ते पाच.
अकरा वर्षांचा अबोला आमचा, एका काचेच्या भांड्यावरून.
तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला चर्चच्या तळघरात
मी बटाटे आणि चीज भाजून नेले होते.
भांडं परत आलं, वरचा चंदेरी कागद न उघडता.
भांड्याचं नव्हतंच ते.
शेवटच्या रात्री ती वासरांना बघायला घरी गेली होती
आणि त्याच्या उशाशी मी होते.
ड्यूटी होती माझी.

फॉर्म मी पुस्तकं परत करायच्या पेटीत टाकला.
आठवड्यानं टपालानं आला, सही होऊन.
‘विद्यार्थिनीशी नाते’ या रकान्यात
सरळ, टोकदार अक्षरात: काही नाही.

शुक्रवार, एक वाजता. बाहेर उणे बावीस.
“ओळखपत्र,” ती म्हणाली.
अकरा वर्षांनी हा एवढा शब्द.
लायसन्सवरचा फोटो पाहिला, मला पाहिलं,
परत फोटो, जणू मी कुणीही असू शकते.
माझा फोन खणात. पेन्सिली मोजून तीन.
बंद पाकिटातला पासवर्ड तिनं स्वतः टाइप केला,
एका बोटानं.

दुसरं कुणी असतं तर विणत बसलं असतं.
ती हाताची घडी घालून बघत राहिली.
नववा प्रश्न: दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत,
असे कधी म्हणता येईल?
मी काहीतरी लिहिलं. खोडलं. बहुतेक चुकलं.
एक पोरगं कॉमिक्स मागायला आलं,
तिनं ओठांवर बोट ठेवलं, पण डोळे माझ्यावरून हलवले नाहीत.

चारला म्हणाली, “वेळ झाली.”
मग शेवटच्या पानावरचं छापील वाक्य, सहीच्या वर:
परीक्षार्थी संपूर्ण वेळ माझ्या नजरेसमोर होती.
तिचं पेन तिथं थांबलं.
रेडिएटर एकदा ठणकला, गप्प झाला.
“तो काही म्हणाला होता का,” मान खालीच, “शेवटी?”

हे पेपरात नव्हतं.
आणि वेळ तर संपली होती, तिनंच सांगितलं होतं.
मी कोट काढला, खुर्ची ओढली,
पुन्हा बसले.